मोझांबिक : १६ वर्षांच्या यादवीनंतर देश कसा उभा राहिला आणि कुठे अडला

मृद्गंध (धागाकर्ती)

सुदानच्या धाग्यावर "आफ्रिकेतली यादवी कधी संपतच नाही" असं एक वाक्य आलं आणि त्याला बरेच +१ मिळाले. मला ते पटलं नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. कामानिमित्त मी काही वर्षं मोझांबिकच्या उत्तरेला, नाम्पुलात राहिले आहे. तिथली यादवी संपली होती, आणि ती कशी संपवली हे शिकण्यासारखं आहे. पुढे तिने पुन्हा डोकं का वर काढलं, हेही तितकंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. २५ जून १९७५ ला देश पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यलढा लढलेली फ्रेलिमो ही संघटना सत्तेवर आली, समोरा माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. पोर्तुगीज वस्तीवाले थोड्याच काळात बहुतेक सगळे निघून गेले. डॉक्टर, इंजिनियर सोडा, कारखाना चालवू शकणारे साधे फोरमनही उरले नाहीत. दहातल्या नऊ माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माशेल झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसैनिकांना आसरा देत होते, म्हणून शेजारच्या ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, तेव्हा वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने रेनामोला पोसायला घेतलं. १९८४ मध्ये एकमेकांच्या बंडखोरांना मदत न करण्याचा कोमाटीचा करार दोन्ही देशांत होऊनही ही मदत पूर्ण थांबली नाही.

पण सगळा दोष परक्यांवर टाकून भागत नाही. फ्रेलिमोने विखुरलेल्या वाड्या मोडून माणसांना सामूहिक गावांत आणून बसवलं, परंपरेने चालत आलेल्या गावप्रमुखांना बाजूला सारलं, विरोधकांना 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत पाठवलं. मध्य आणि उत्तर भागात या रागावरच रेनामोला पाय रोवता आले. आणि रेनामोने तिथे केलं काय? शाळा आणि दवाखाने जाळले, लहान मुलं पळवून त्यांच्या हातात बंदुका दिल्या. जुलै १९८७ मध्ये ओमोइने या एका गावात ४०० हून जास्त लोक मारले गेले. युद्ध आणि दुष्काळ मिळून सुमारे १० लाख बळी. १७ लाख लोक सीमा ओलांडून गेले, त्यातले १० लाखांहून जास्त एकट्या मलावीत. देशातल्या देशात परागंदा झालेले त्याहून कितीतरी अधिक.

१९९० मध्ये रोममध्ये बोलणी सुरू झाली. मध्यस्थ कोण, तर सांत एजिदियो हा कॅथलिकांचा एक छोटा समुदाय, इटलीचे एक राजकारणी मारियो राफाएली आणि मोझांबिकमधल्या बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हेस. दोन वर्षांहून जास्त काळ फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या. ४ ऑक्टोबर १९९२ ला माशेल यांच्यानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे अफोन्सो द्लाकामा यांनी सह्या केल्या.

माझ्या मते खरं कसब त्यानंतर दिसलं. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी आल्दो आयेल्लो यांच्या डोळ्यांसमोर अंगोला होतं. तिथे १९९२ मध्ये सैन्यं शाबूत असतानाच मतदान उरकलं, हरलेले बंडखोर नेते साविंबी पुन्हा जंगलात गेले आणि युद्ध पेटलं. म्हणून आयेल्लो अडून बसले: आधी शस्त्रं जमा होतील, सैनिक घरी जातील, मग मतदान. ४९ ठिकाणी तळ उभारून दोन्ही बाजूंचे सैनिक गोळा केले. नोव्हेंबर १९९३ पर्यंत तर तळ उघडलेच नव्हते, पुढे कंटाळलेल्या सैनिकांनी तळांवर बंडं केली, तरी क्रम बदलला नाही. सुमारे ९० हजार सैनिक नागरी आयुष्यात परतले. प्रत्येकाला एकूण २ वर्षांचा पगार मिळणार होता, ६ महिन्यांचा सरकारकडून आणि १८ महिन्यांचा देणगीदार देशांच्या निधीतून. तोही एकरकमी हातात न देता, स्वतःच्या भागातल्या बँकेतून हप्त्याहप्त्याने. त्यामुळे माणूस राजधानीत रेंगाळला नाही, गावी गेला. पैसे संपेपर्यंत एकदोन हंगाम पदरात पडले.

रेनामोला पक्ष बनवण्यासाठी वेगळा निधी दिला, त्यात इटलीचा वाटा मोठा. तेव्हा खूप जणांनी नाकं मुरडली, खुन्यांना बक्षीस म्हणून. मला तो निर्णय योग्य वाटतो. जंगलातून आलेल्या माणसाला शहरात घर, कार्यालय आणि अंगावर धड कपडे नसतील तर तो जंगलातच परत जाणार.

ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत सुमारे ८८ टक्के मतदान झालं. आदल्या रात्री द्लाकामांनी बहिष्कार जाहीर केला, मग मागे घेतला, त्यासाठी मतदान एक दिवस वाढवलं. फ्रेलिमोला २५० पैकी १२९ जागा, रेनामोला ११२. द्लाकामांनी निकाल मान्य केला.

मग बिघडलं कुठे? माझं मत असं आहे की सैनिकाला घरी पाठवणं त्यांना जमलं, सत्तेतला घास वाटून घेणं जमलं नाही. यावर सविस्तर लिहीन, आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

बार्देशकर

उत्तम धागा. गोव्याच्या बाजूने एक भर घालतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्याची शेकडो कुटुंबं मोझांबिकला होती, रेल्वेत, कस्टम्समध्ये, कचेऱ्यांत. माझे आजोबांचे धाकटे भाऊ लोरेन्सु मार्किशला (आजचं मापुतो) कारकून होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडलं आणि नंतर हाकलून दिलं. त्यात बहुतेक गुजराती व्यापारी होते. गोंयकार पोर्तुगीज नागरिक गणले गेले म्हणून वाचले. शेजारी शेजारी दुकान आणि घर असलेल्या माणसांची अशी वाटणी झाली.

आणि एक नाव इथे यायलाच हवं. आकीनु द ब्रागांसा. जन्म बार्देशचा, १९२४. अल्जीयर्समध्ये पत्रकारिता केली, पोर्तुगीज वसाहतींच्या सगळ्या मुक्तिनेत्यांशी दोस्ती. स्वातंत्र्यानंतर मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिकी अभ्यास केंद्र चालवलं. त्याच केंद्रात १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषविरोधी लेखिका रूथ फर्स्ट पार्सल बॉम्बने मारल्या गेल्या. आकीनु माशेल यांचे सल्लागार होते आणि १९ ऑक्टोबर १९८६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या एंबुझिनीजवळ माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले. शांततेची बोलणी सुरू झाली तेव्हा दोन्ही बाजूंना समजून सांगू शकणारा असा माणूस उरला नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं. गोव्यात आजच्या पोरांना हे नाव ठाऊक नाही.

---

खडकीकर

मी सैन्यातून निवृत्त. मोझांबिकला स्वतः गेलो नाही, पण संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेत आपल्या दोन इंजिनियर कंपन्या होत्या, त्यांच्याबद्दल वरिष्ठांकडून ऐकलं आहे. पुनर्उभारणी म्हटलं की लोकांना पूल, शाळा दिसतात. त्याच्या आधीचं काम सुरुंगांचं असतं. रस्ता साफ नसेल तर निर्वासित घरी येत नाही, बियाण्याचा ट्रक येत नाही, मतपेटीही येत नाही.

काहोरा बासा धरणातून दक्षिण आफ्रिकेला जाणारी वीजवाहिनी घ्या. रेनामोने तिचे हजाराहून जास्त मनोरे पाडले. उरलेले वाचवायला सरकारने मनोऱ्यांभोवती सुरुंग पेरले. युद्ध संपलं, नकाशे कुणाकडे नाहीत. मनोरा दुरुस्त करायचा तर आधी त्याच्याभोवतीचा स्वतःचाच सुरुंग काढा. ती वाहिनी १९९७ च्या सुमारास पुन्हा सुरू झाली.

सुरुंग काढायला माणसं होती, यंत्रं होती आणि उंदीरही होते. टांझानियात मोरोगोरोला आफ्रिकेतल्या मोठ्या घुशीसारख्या उंदरांना सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखायला शिकवतात. वजन इतकं कमी की पाय पडला तरी सुरुंग फुटत नाही. माणसाला धातुशोधक घेऊन जिथे दिवसचे दिवस लागतात, तिथे उंदीर अर्ध्या तासात फिरून येतो, कारण तो गंजक्या खिळ्यापाशी थांबत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. करारानंतर २३ वर्षांनी. हा आकडा प्रत्येक युद्धखोर भाषणानंतर वाचून दाखवायला हवा.

आणखी एक. नव्या संयुक्त सैन्यात ३० हजार जणांची भरती ठरली होती. आले सुमारे १२ हजार. दोन्हीकडच्या पोरांना युनिफॉर्म नको झाला होता.

---

शिवार_औसा

ताई, लेख आवडला, पण आमच्यासाठी मोझांबिक म्हणजे तूर. २०१६ मध्ये पंतप्रधान तिकडे गेले आणि डाळीचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन, पुढे २ लाखांपर्यंत. त्याच हंगामात आमच्याकडे तुरीचं पीक कधी नव्हे इतकं आलं. हमीभाव बोनस धरून ५,०५० आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून काटा बंद, पोती उन्हात, माणसं पोत्यांवर झोपलेली. आम्ही स्वतः त्यात होतो. त्यांच्या देशाची उभारणी आमच्या शेतकऱ्याच्या जिवावर का?

---

मृद्गंध

औसेकर दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तो मी हलका करणार नाही. फक्त दुसऱ्या टोकाला काय झालं ते सांगते, कारण मी तेव्हा तिथे तूर खरेदीतच होते.

नाम्पुला आणि झाम्बेझिया प्रांतांत तूर पिकवणारा शेतकरी तुमच्याहून लहान आहे. एक-दोन हेक्टर, बैल नाहीत, सगळं कुदळीवर. बरेच जण मलावीतून परतलेल्या कुटुंबांतले. ते स्वतः तूर फारशी खात नाहीत, पीक विकण्यासाठीच लावतात. २०१६ चा करार ऐकून त्यांनी कसावा आणि मक्याच्या जागेतही तूर लावली. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातली तूर त्यातून वगळली होती, पण व्यापाऱ्यांनी घाबरून हात आखडले आणि खेड्यातला भाव असा कोसळला की वाहतूकही परवडेना. तूर घरातच पडून राहिली.

म्हणजे एकाच निर्णयाच्या दोन टोकांना दोन कोरडवाहू शेतकरी बुडाले. जिथे शेतकऱ्याची एकच बाजारपेठ हजारो मैलांवरच्या एका मंत्रालयाच्या अधिसूचनेवर चालते, तिथे युद्धानंतरची शेती उभी राहिली असं म्हणता येत नाही. सरकारने दोन्ही देशांत किमान पेरणीआधी आपलं धोरण सांगावं, एवढी मागणी आपण दोघं मिळून करू शकतो.

---

काजूगर

तुरीवरून काजू आठवला. वेंगुर्ल्याला आमचा लहान कारखाना आहे, कच्चा माल कमी पडला की आफ्रिकेतली बी घ्यावी लागते, म्हणून हा इतिहास माहीत करून घेतला होता.

स्वातंत्र्याआधी मोझांबिक काजूत जगात अव्वल होतं. युद्धात झाडं म्हातारी झाली, नवी लावली नाहीत. शांतता आल्यावर सरकारने कारखाने खाजगी मालकांना विकले आणि लगोलग जागतिक बँकेने कर्जासाठी अट घातली की कच्च्या काजूवरचा निर्यात कर उतरवा. हेतू असा की शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल. झालं असं की कच्ची बी थेट भारतात, मुख्यतः केरळात फोडायला आली, मोझांबिकचे कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार, त्यात बायका खूप, घरी बसले. भावातला फायदा बराचसा मधल्यांनी खाल्ला. युद्ध संपून थोडी वर्षं होतात न होतात तोवर ज्यांना नोकरी होती त्यांची गेली. असली अट शांत देशालाही झेपत नाही.

आमच्याकडच्या बायका ती बी फोडून मजुरी मिळवत होत्या, हेही मला विसरता येत नाही.

---

वसुधा_क

सगळे सैनिक, पैसा आणि पीक यांवर बोलत आहेत. न्यायाचं काय? करारानंतर अवघ्या १० दिवसांत, १४ ऑक्टोबर १९९२ ला, सर्वांना माफी देणारा कायदा झाला. सत्यशोधन आयोग नाही, खटले नाहीत, मृतांची यादी नाही. दक्षिण आफ्रिकेने निदान आर्चबिशप टुटूंच्या सत्यशोधन आयोगासमोर माणसांना बोलू तरी दिलं.

माफीचा कायदा कुणी केला? ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांनीच एकमेकांना माफ केलं. युद्धात सैनिकांनी तळावर नेऊन ठेवलेल्या मुलींना कुणी विचारलं नाही.

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून मध्य मोझांबिकच्या गोरोंगोझा भागातल्या एका गोष्टीबद्दल आवर्जून वाचलं. युद्धानंतर तिथे गांबा नावाच्या पिशाच्चाची बाधा पसरली. युद्धात मारला गेलेला, विधिवत न पुरलेला सैनिक कुणाच्या तरी, बहुधा तरुण बाईच्या, अंगात येतो. आपल्याकडे देवऋषी बोलता करतो तसंच तिथला वैद्य त्याला बोलता करतो. दोन्ही घरची माणसं जमवलेली असतात. तो सांगतो, मला अमक्याने मारलं, माझं मांस विकलं, माझी भरपाई द्या. मग त्या घरातल्या जिवंत माणसाला तोंड उघडावं लागतं. जे न्यायालयात कधी बोललं गेलं नाही ते अंगणात बोललं गेलं, आणि बाईच्या तोंडून, तिला एरवी कुणी बोलू दिलं नसतं.

हे लोकांचं शहाणपण आहे, पण राज्याने अंग काढून घेतल्यामुळे त्यांच्यावर आलेलं ओझंही आहे. "आफ्रिकन पद्धतीने त्यांनी विसरून टाकलं" असं कौतुक वाचलं की मला त्रास होतो.

---

खडकीकर

वसुधाताई, तुमचा मुद्दा मनाला लागला तरी मी असहमत आहे. १९९२ मध्ये खटल्याची भाषा केली असती तर द्लाकामा रोमला आलेच नसते. आणि खटले फक्त रेनामोवर चालले असते, कारण न्यायाधीश फ्रेलिमोचे. गावोगाव एकाच घरातला एक मुलगा इकडे, एक तिकडे. कुणाला फाशी देणार?

---

वसुधा_क

फाशी नकोच आहे. १९९२ मध्ये माफी लागली असेल, ठीक. पण १९९५ मध्ये, २००० मध्ये, २०१० मध्ये काय अडचण होती? कुठल्या गावात कोण मेलं याची नोंद करायला शांतता धोक्यात येत नाही. ती नोंद झाली नाही, कारण दोन्ही पक्षांना ती नको होती. शाळेत मुलांना स्वातंत्र्यलढा शिकवला जातो आणि ही १६ वर्षं घाईत उरकली जातात. त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत दोघंही तोच जुना आरोप नव्याने करतात.

---

तळटीप

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. इतकं सगळं नीट केलं तर २०१३ मध्ये पुन्हा गोळीबार का सुरू झाला? धागाकर्तीने "सत्तेतला घास" म्हटलं ते उलगडून सांगा.

---

मृद्गंध

तळटीप, हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तेव्हाची, १९९० ची राज्यघटना अशी की जिंकेल तो सगळं घेईल. प्रांताचा राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमणार. १९९९ मध्ये शिसानोंना ५२ टक्के, द्लाकामांना जवळपास ४८ टक्के मतं. मध्य आणि उत्तरेच्या बहुतेक प्रांतांत रेनामो पुढे होती, आणि त्या प्रत्येक प्रांतात राज्यपाल आला फ्रेलिमोचा. नोव्हेंबर २००० मध्ये याविरुद्ध निदर्शनं झाली. उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतातल्या मोंतेपुएझ गावात पकडलेले ८० हून जास्त लोक पोलिस कोठडीत गुदमरून मेले. त्याच महिन्यात बँक घोटाळ्याचा माग काढणारा पत्रकार कार्लोस कार्दोझो मापुतोत भर रस्त्यात मारला गेला. बाहेरच्या जगात मात्र मोझांबिक तेव्हा यशोगाथा म्हणून मिरवत होतं, कारण विकासदर चांगला होता.

सैन्यात घेतलेले रेनामोचे अधिकारी एकेक करून निवृत्त केले गेले. कोळसा आणि गॅस सापडला, पैसा सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळात फिरू लागला. बैरा ते मोआतिझे रेल्वेमार्ग आपल्या राइट्स आणि इरकॉन या सरकारी रेल्वे कंपन्यांच्या गटाला २००४ मध्ये दिला होता, नंतर सरकारने तो करार मोडला. कोळशाच्या गाड्या धावल्या, पण मार्गावरच्या खेड्यांना त्यातून फारसं मिळालं नाही. २०१२ मध्ये द्लाकामा गोरोंगोझाच्या जंगलात परत गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सैन्याने त्यांच्या तळावर हल्ला केला. २०१४ ला एक समझोता, मग पुन्हा चकमकी.

याच काळात सरकारी कंपन्यांच्या नावाने सुमारे २०० कोटी डॉलरची कर्जं संसदेपासून लपवून काढली गेली. टूना पकडणाऱ्या बोटी आणि किनाऱ्याची सुरक्षा, असं कारण दाखवलं होतं. २०१६ मध्ये ते उघड झालं, देणगीदारांनी मदत थांबवली, चलन घसरलं. आम्ही नाम्पुलात होतो तेव्हा पावाचा आणि तेलाचा भाव दर आठवड्याला वेगळा असायचा. कर्जं काढली तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. न्यूयॉर्कच्या! ज्या देशाचं नुकसान झालं त्याच्या शेतकऱ्याला भरपाई कोण देणार?

मे २०१८ मध्ये द्लाकामा आजाराने जंगलातच गेले. ६ ऑगस्ट २०१९ ला राष्ट्राध्यक्ष न्यूसी आणि रेनामोचे नवे नेते ओसुफो मोमाद यांनी मापुतोत नवा करार केला. रेनामोचे ५,२२१ बंदूकधारी नागरी आयुष्यात आले, शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. या वेळी हप्त्यांच्या जागी पेन्शन देण्याचं ठरलं, आणि राज्यपाल प्रांताच्या निवडणुकीतून ठरेल हेही मान्य झालं. पण लगेच वर केंद्राचा एक 'राज्य सचिव' बसवला, खरे अधिकार त्याच्याकडे.

---

बार्देशकर

आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर रस्त्यावर उतरलेली पोरं १९९२ नंतर जन्मलेली. ती ना फ्रेलिमोची ना रेनामोची, विरोधी उमेदवार व्हेनान्सियो मोन्दलानेच्या मागे गेली. ३०० हून जास्त जण मारले गेले. त्यांना जुन्या युद्धाची भीती घालून गप्प बसवता येत नाही आता.

---

खडकीकर

काबो देल्गादोबद्दल कुणी बोललं नाही. ऑक्टोबर २०१७ पासून तिथे इस्लामी बंडखोरांचं युद्ध चालू आहे. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला आणि गॅसचा प्रकल्प थांबला. मग रवांडाचं सैन्य आलं. ही यादवी जुन्या यादवीशी जोडायची का?

---

मृद्गंध

नेते वेगळे, नारा वेगळा, पण जमीन तीच. माणकांच्या खाणीसाठी आणि गॅससाठी जागा गेली, मासेमार किनाऱ्यापासून दूर नेऊन वसवले, तरुणांना काम नाही. मोंतेपुएझच्या कोठडीचा प्रांत हाच. रवांडाच्या सैन्याने शहरं परत घेतली, ते गरजेचं होतं. मात्र १९९३-९४ मध्ये तळावरच्या प्रत्येक सैनिकाला "तुला घरी जाऊन काय करायचं आहे?" हे विचारणारी यंत्रणा होती, तसं आज तिथल्या तरुणाला कुणी विचारत नाही.

आपला संबंधही दूरचा नाही. त्या गॅस क्षेत्रात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. हा आपला, सार्वजनिक पैसा आहे. गॅस केव्हा येणार हे आपण संसदेत विचारतो. पाल्मातून विस्थापित झालेल्या कुटुंबांना जमीन मिळाली का, प्रकल्पात स्थानिकांना किती नोकऱ्या आहेत, हेही आपल्या खासदारांनी विचारावं. मी माझ्या खासदारांना पत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे. ज्यांना आपल्या मतदारसंघातून पाठवायचा असेल त्यांनी इथे सांगा, या रविवारपर्यंत धाग्यावर टाकते. औसेकर दादा, त्यात तुरीच्या धोरणाचा परिच्छेद तुम्ही लिहून द्याल का?

---

शिवार_औसा

देतो. पेरणीआधी आयातीचं धोरण जाहीर करावं, हमीभावाच्या खाली भाव असताना बंदरात माल उतरवू नये, आणि तिकडच्या शेतकऱ्याला करारात खेड्यातला किमान भाव लिहून द्यावा. तिसरं कलम आमच्या गटातल्या लोकांना विचारून टाकतो, काही जण विरोध करतील. शनिवारी पाठवतो.